चूक की निर्णय? ऑनलाइन गेममधील तक्रार आणि तिची वाट

ऑनलाइन गेम ही एकदा विकत घेऊन कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. खेळाडूच्या मोबाइलवर किंवा संगणकावर तिचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा, म्हणजे खेळाडूंची खाती, त्यांनी जमवलेल्या वस्तू, सामन्यांचे निकाल आणि खुद्द खेळाचे नियम, कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सर्व खेळाडूंना एकमेकांशी जोडणाऱ्या मध्यवर्ती संगणकांवर असतो, आणि कंपनीच्या मनात आले तर तो एका रात्रीत बदलतो. त्यामुळे खेळाडू आणि गेम तयार करणारी कंपनी यांचे नाते गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यापेक्षा भाडेकरू आणि घरमालक यांच्या नात्याला अधिक जवळचे आहे. भाडेकरूने घराला कितीही जीव लावला तरी गळक्या छपराची डागडुजी मालकाच्या हाती असते, आणि म्हणून तक्रार कशी करावी हे कळणे भाडेकरूच्या दृष्टीने घर निवडण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

खेळाडूंच्या बहुतेक तक्रारी वाया जातात, कारण तक्रार लिहिण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला जात नाही: ज्या गोष्टीचा त्रास होत आहे ती कंपनीची चूक आहे की कंपनीचा निर्णय? चूक कंपनीलाही नकोच असते, त्यामुळे तिथे पुरावा पुरेसा असतो. एका खेळाडूने नेमकी नोंद पाठवली तरी ती दुरुस्त होऊ शकते आणि दहा हजार जणांनी नुसता आरडाओरडा केला तरी होत नाही. निर्णय मात्र कंपनीने जाणूनबुजून, बहुधा उत्पन्नाचा हिशेब मांडून घेतलेला असतो, आणि तो बदलायचा तर पुराव्याच्या जोडीला संख्या, संघटन आणि कंपनीला सोसावी लागणारी किंमत या गोष्टी लागतात. चुकीसाठी मोर्चा काढणे आणि निर्णयाविरुद्ध नम्र अर्ज करत बसणे या दोन्हींत वेळ सारखाच फुकट जातो.

तक्रार कोणाकडे करायची हेही आधीच ठरवावे लागते. गेम प्रत्यक्ष घडवणारा चमू तो डेव्हलपर. त्याला पैसा पुरवणारी, गेमची विक्री व प्रसिद्धी करणारी आणि बऱ्याचदा मोठे निर्णय घेणारी कंपनी ती पब्लिशर. आणि ज्या दुकानातून गेम उतरवला जातो, म्हणजे स्टीम, गूगल प्ले किंवा ॲपल ॲप स्टोअर, ते तिसरे. हा भेद पुस्तकी नाही. ‘हेलडायव्हर्स २’ हा गेम स्वीडनच्या ॲरोहेड या चमूने घडवला, पण त्याची पब्लिशर सोनी आहे. संगणकावर खेळणाऱ्यांनाही सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचे खाते जोडावेच लागेल असे ३ मे २०२४ रोजी जाहीर झाले, तेव्हा जगातील अनेक देशांत ते खाते उघडण्याची सोयच नव्हती. अवघ्या काही दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून अधिक प्रतिकूल अभिप्राय नोंदले गेले आणि आठवड्याच्या आतच सोनीने ती सक्ती मागे घेतली. हा निर्णय पब्लिशरच्या पातळीवरचा होता. ॲरोहेडच्या एखाद्या प्रोग्रामरला रागावून पत्र लिहिल्याने तो बदलला नसता.

कंपनीच्या चुकीविषयी तक्रार कशी करावी याचा विचार सविस्तर करावा लागतो, कारण सामान्य खेळाडूला इथेच सर्वाधिक यश मिळू शकते. दोषाच्या अशा नोंदीला या व्यवसायात बग रिपोर्ट म्हणतात. तो हाती आल्यावर डेव्हलपरचे पहिले काम दोष दुरुस्त करण्याचे नसते, तर तो स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहण्याचे असते. जो दोष पुन्हा घडवता येत नाही तो बहुधा दुरुस्तही करता येत नाही. ‘गेम सारखा अडकतो’ या वाक्यातून काहीच पुन्हा घडवता येत नाही. उलट, ‘सामना संपल्यावर निकालाचा पडदा येण्याआधी फोन आला तर गेम बंद पडतो, पाच वेळा करून पाहिले, चार वेळा घडले’ या वाक्यात पायऱ्या आहेत, नेमका क्षण आहे आणि वारंवारताही आहे. याला गेमच्या आवृत्तीचा क्रमांक, फोनचे मॉडेल, कार्यप्रणालीची आवृत्ती, खेळाडूचा ओळख क्रमांक आणि शक्य असल्यास पडद्याचे चित्रीकरण यांची जोड द्यावी. काय घडायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहावे. एका नोंदीत एकच दोष असावा, कारण पाच दोष एकत्र लिहिलेली नोंद पाच वेगवेगळ्या माणसांकडे जायला हवी असते आणि प्रत्यक्षात एकाकडेही नीट जात नाही. भारतीय खेळाडूंच्या नोंदींत हमखास राहणारी बाब म्हणजे वेळेचा संदर्भ. सर्व्हरवरील नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे यूटीसीनुसार ठेवल्या जातात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे; पुण्यात रात्री साडेनऊला घडलेली घटना त्या नोंदवहीत १६:०० या वेळेवर सापडेल. हे रूपांतर खेळाडूने स्वतः करून दिले तर शोधणाऱ्याचे काम निम्म्याने कमी होते.

मराठी खेळाडूच देऊ शकेल अशा एका नोंदीचे उदाहरण इथे देण्याजोगे आहे. एखाद्या गेममध्ये संवादाच्या चौकटीत किंवा खेळाडूच्या नावात देवनागरी नीट उमटत नाही, मात्रा सुट्या पडतात, जोडाक्षरे तुटतात. हिंदी मजकुरावर चाचणी घेऊन समाधानी झालेल्या परदेशी चमूला ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील अर्ध्या र चे आडवे रूप ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ते येत नाही. अशा वेळी ‘मराठी दिसत नाही’ एवढेच न कळवता बिघडलेल्या शब्दाचे चित्र, तोच शब्द योग्य दिसत असल्याचे दुसरे चित्र आणि नक्कल करून घेता येईल असा मूळ मजकूर या तिन्ही गोष्टी द्याव्यात. मराठी न जाणणाऱ्या माणसालाही दोन चित्रे शेजारी ठेवून दुरुस्ती झाली की नाही हे तपासता येते.

लॅगच्या, म्हणजे खेळाडूची कृती आणि तिचा परिणाम यांमध्ये पडणाऱ्या अंतराच्या तक्रारीत आणखी एक पायरी आहे. संकेत सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ म्हणजे पिंग, आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर धरले तर जाण्यायेण्याला जवळपास ४० मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रातून जाणाऱ्या केबलचा प्रत्यक्ष मार्ग कधीच इतका सरळ नसतो. ही मर्यादा कोणत्याही अपडेटने दूर होत नाही. तिथे मागणी करायची ती जवळच्या सर्व्हरची, आणि ती मागणी चुकांच्या खात्यात न मोडता निर्णयाच्या खात्यात मोडते. ‘व्हॅलोरंट’सारख्या गेमसाठी मुंबईत सर्व्हर आहेत, त्यामुळे ती अवाजवीही म्हणता येत नाही. पण पिंग एरवी ठीक असून संध्याकाळीच बिघडत असेल, तर दोष इंटरनेट पुरवणाऱ्याच्या जाळ्यात असण्याची शक्यता मोठी असते. संकेत कोणकोणत्या टप्प्यांतून गेला आणि प्रत्येक टप्प्यावर किती वेळ लागला याची यादी, जिला ट्रेसरूट म्हणतात, ती चांगल्या वेळेची आणि वाईट वेळेची अशी दोन्ही जोडली, तर अडथळा घराजवळ आहे की सर्व्हरच्या दारात, हे डेव्हलपरला बरेचसे कळू शकते.

नेमक्या पुराव्याचे बळ किती असते हे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’च्या उदाहरणावरून दिसते. हा गेम सुरू होण्यास संगणकावर कित्येक मिनिटे लागतात अशी खेळाडूंची तक्रार वर्षानुवर्षे होती आणि ती सर्वांना ठाऊकही होती. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस एका प्रोग्रामरने, गेमचा मूळ कोड हाती नसताना, त्या विलंबाचे कारण शोधून प्रसिद्ध केले. गेममध्ये विकत मिळणाऱ्या सुमारे ६३,००० वस्तूंची दहा मेगाबाइटची यादी गेम अशा पद्धतीने वाचत होता की प्रत्येक नोंदीसाठी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती. शिवाय प्रत्येक नवी वस्तू आधी आलेल्या प्रत्येक वस्तूशी ताडून पाहिली जात होती. त्याने स्वतःच्या संगणकावर ही दोन कामे सुधारली, तेव्हा सहा मिनिटांचा वेळ दोन मिनिटांच्याही खाली आला. गेम घडवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने तपासणी करून मार्चच्या मध्यावर ती दुरुस्ती सर्वांसाठी आणली आणि त्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस दिले. प्रत्येक खेळाडूकडून एवढ्या कौशल्याची अपेक्षा अर्थातच नाही. परंतु वर्षानुवर्षांच्या कुरकुरीने जे साधले नाही ते एका मोजमापाने काही आठवड्यांत साधले, आणि घड्याळ लावून मोजमाप करणे कोणालाही जमते.

ज्या दोषाचा गैरफायदा घेता येतो, उदाहरणार्थ एका वस्तूच्या दोन करण्याची पळवाट किंवा दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याची फट, तो मात्र कधीही जाहीरपणे सांगू नये. अशा दोषांसाठी अनेक कंपन्यांचा खासगी मार्ग असतो आणि काही कंपन्या त्यासाठी बक्षीसही देतात. त्याला बग बाउंटी म्हणतात. जाहीर वाच्यता केली तर दुरुस्ती येईपर्यंतच्या काळात नुकसान इतर खेळाडूंचे होते.

चूक आणि निर्णय यांच्या मधला एक प्रांत आहे तो खेळाच्या तोलाचा: एखादे शस्त्र फार प्रबळ आहे, एखादी पातळी फार कठीण आहे. इथे खेळाडूचा अनुभव हा पुरावा असतो, पण त्याने सुचवलेला उपाय बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण एका शस्त्राची ताकद घटवली की इतर दहा गोष्टींवर काय परिणाम होतो हे सर्व सामन्यांची आकडेवारी समोर असलेल्यालाच दिसते. म्हणून ‘हे शस्त्र काढून टाका’ यापेक्षा ‘या शस्त्रापुढे बचावाचा कोणताच मार्ग उरत नाही असे या तीन सामन्यांत जाणवले’ असे लिहिणे अधिक उपयोगाचे. काही कंपन्या या प्रांतात खेळाडूंना थेट मत देऊ देतात. ब्रिटनच्या जॅगेक्स कंपनीने २०१३ साली खेळाडूंचा कौल घेऊन ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ ही जुन्या स्वरूपाची आवृत्ती सुरू केली आणि तिच्यात नवा बदल आणण्यासाठी ७५ टक्के मतांची अट ठेवली. पुढे ती ७० टक्क्यांवर आणली. अशी व्यवस्था जिथे आहे तिथे मत न देता बाहेर तक्रार करत राहणे हा खेळाडूंचाच दोष म्हणावा लागेल.

आता निर्णयांविषयी. या विषयाचा अभ्यास करायचा तर आइसलँडमधील सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयानांच्या गेमइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. २००३ पासून चालू असलेल्या या गेममध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने आपल्या गटाला मौल्यवान आराखडे मिळवून दिल्याचे २००७ साली उघड झाले, तेव्हा गेलेला विश्वास परत मिळवण्यासाठी कंपनीने खेळाडूंमधून निवडून येणारे एक मंडळ स्थापण्याचे ठरवले आणि २००८ मध्ये त्याची पहिली निवडणूक झाली. या मंडळाची खरी कसोटी २०११ च्या उन्हाळ्यात लागली. जूनमध्ये आलेल्या नव्या आवृत्तीबरोबर गेममध्ये शोभेच्या वस्तूंचे दुकान उघडले आणि त्यातील एका डोळ्याच्या चष्म्याची किंमत साठ डॉलरांहून अधिक निघाली. पाठोपाठ कंपनीची अंतर्गत पत्रिका फुटली. उद्या याच दुकानात लढाईत वरचढ ठरणारी याने आणि दारूगोळाही पैशाने विकला जाईल, अशी भीती तिच्यातील चर्चेमुळे पसरली. त्यातच, खेळाडू काय बोलतात यापेक्षा ते काय करतात याकडे पाहावे, अशा आशयाचे मुख्याधिकाऱ्यांचे अंतर्गत पत्रही बाहेर आले.

खेळाडूंनी ते शब्दशः मनावर घेतले. गेममधील सर्वांत मोठ्या व्यापारी केंद्रात हजारो याने जमली आणि तिथल्या एका स्मारकावर, ते फुटणार नाही हे ठाऊक असूनही, गोळीबार करत राहिली. अनेकांनी मासिक वर्गणी बंद केली. कंपनीने निर्वाचित मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावले. ३० जून आणि १ जुलै या दोन दिवसांच्या बैठकीनंतर, खेळाच्या समतोलावर परिणाम करणाऱ्या वस्तू विकण्याचा विचार नसल्याचे संयुक्तपणे जाहीर झाले. ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकाऱ्यांनी खेळाडूंची लेखी माफी मागितली, त्याच महिन्यात कंपनीला सुमारे २० टक्के कर्मचारी कमी करावे लागले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत खेळाडू वर्षानुवर्षे मागत असलेल्या बारीकसारीक सुधारणा मोठ्या संख्येने होत्या.

या घटनाक्रमात जमावाचे आणि मंडळाचे काम वेगवेगळे होते हे ध्यानात घ्यावे. जमावाने निर्णयाची किंमत दाखवून दिली. पण जमावाशी बोलणी करता येत नाहीत, कारण तो एकाच वेळी शंभर मागण्या करतो. ज्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येते असा एक प्रश्न मंडळामुळे कंपनीसमोर आला. संतापाची लाट ओसरण्याआधी कोणीतरी तिची एका ओळीची मागणी बनवावी लागते, आणि हे काम करणारी माणसे खेळाडूंनी आधीच, शांततेच्या काळात निवडून ठेवलेली असली तर ते होते. जिथे असे मंडळ नाही तिथे मोठ्या संघांचे कर्णधार, स्पर्धांचे आयोजक आणि खेळावर नियमित चित्रफिती करणारे यांनी एकत्र येऊन एकच पत्र लिहावे. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात संस्थेशी मतभेद झालेल्या माणसापुढचे दोन मार्ग सांगितले आहेत, बाहेर पडणे आणि आवाज उठवणे. बाहेर पडण्याची शक्यता खरी असली की आवाजाला वजन येते. वर्गणी चालू ठेवून, नवनव्या वस्तू विकत घेत घेत केलेला निषेध कंपनीच्या हिशेबात निषेध म्हणून दिसतच नाही.

आकडे मांडून केलेला युक्तिवादही निर्णयाला हलवू शकतो. २०१७ च्या नोव्हेंबरात ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ येऊ घातला असताना त्यातील एक प्रमुख पात्र मिळवण्यासाठी सुमारे चाळीस तास खेळावे लागेल असे गणित खेळाडूंनी मांडले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने दिलेल्या समर्थनाला रेडिटवर साडेसहा लाखांहून अधिक नापसंती मिळाली, पात्रांच्या किमती ७५ टक्क्यांनी घटल्या आणि विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पैसे देऊन खरेदी करण्याची सोयच थांबवण्यात आली. लोकांना आणि वृत्तपत्रांना या गेममधील लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल हे न सांगता विकलेली पेटी, हा प्रकार समजण्यास जड होता. चाळीस तास मात्र कोणालाही समजले.

अभिप्राय लिहिणे हे याच कामाचे साधन आहे, पण स्टीमने मार्च २०१९ पासून गेमशी संबंध नसलेल्या अभिप्रायांची लाट ओळखून ती एकूण गुणांकनातून वगळण्याची पद्धत ठेवली आहे, म्हणून अभिप्राय त्या गेमविषयी, स्वतःच्या अनुभवावर आधारलेला आणि नेमके काय बदलले म्हणजे मत बदलेल हे सांगणारा असावा. आणि तो बदल झाल्यावर अभिप्राय खरोखरच बदलावा. न बदलणारे खेळाडू पुढच्या वेळी कंपनीला ऐकण्याचे कारणच ठेवत नाहीत.

धमक्यांविषयी मात्र कोणतीही सवलत देता येणार नाही. खेळाडू आणि डेव्हलपर यांच्यामधला दुवा असतो तो कम्युनिटी मॅनेजर, आणि निर्णय त्याने घेतलेला नसतानाही पहिला मारा त्याच्यावरच होतो. ‘डेस्टिनी २’ गेमच्या अशाच एका कर्मचाऱ्याला छळणाऱ्या खेळाडूविरुद्ध बंजी कंपनी न्यायालयात गेली आणि २०२३ साली अमेरिकी न्यायालयाने पाच लाख डॉलरच्या जवळपास भरपाई ठरवली. अशा छळानंतर कर्मचारी खेळाडूंशी बोलणे कमी करतात, आणि त्याची झळ शांतपणे लिहिणाऱ्या हजारोंना बसते.

पैसे अडकले असतील तर प्रश्न चूक किंवा निर्णय यांच्या पलीकडे कायद्याच्या कक्षेत जातो. प्रथम दुकानाकडे जावे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. भारतातील २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत आणि त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व एका महिन्यात निवारण देणे अपेक्षित आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच आयोगात दाद मागण्याची मुभा दिली आहे, म्हणजे कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असले तरी सांगलीच्या खेळाडूला सांगलीत तक्रार दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. खेळाडू अल्पवयीन असल्यास हे सारे पालकांनी करावे. पावती, बँकेचा व्यवहार क्रमांक आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार गेमच्या बाहेर जतन करावा, कारण खाते बंद झाले की गेममधील सर्व नोंदी खेळाडूच्या हातून जातात.

सर्वांत कठीण निर्णय म्हणजे सर्व्हर बंद करण्याचा. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या २०१४ च्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने खेळणेही अशक्य झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या मोहिमेने युरोपीय नागरिकांच्या पुढाकाराचा मार्ग धरला. या मार्गाने एका वर्षात दहा लाख सह्या जमल्या तर युरोपीय आयोगाला त्या मागणीचा विचार करावाच लागतो, आणि २०२५ च्या जुलैत तो आकडा ओलांडला गेला. अशा निवेदनावर सही करण्याचा अधिकार केवळ युरोपीय संघाच्या नागरिकांना असतो. जर्मनीत नोकरी करणाऱ्या पण भारतीय पारपत्र असलेल्या मराठी अभियंत्यालाही तो नाही, आणि उत्साहाच्या भरात केलेली अपात्र सही तपासणीत बाद होऊन मोहिमेचेच नुकसान करते. अशा खेळाडूंना करता येण्याजोगे काम वेगळे आहे: आपण खेळतो त्या गेमच्या पब्लिशरला, सर्व्हर बंद करण्याची वेळ आलीच तर गेम इंटरनेटशिवाय चालेल अशी सोय केली जाईल का, एवढा एकच प्रश्न लेखी विचारणे, आणि तो गेम चालू असतानाच विचारणे. ‘द क्रू’साठी हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो सर्व्हर जाण्याच्या सुमारास, त्यामुळे तो गेम वाचला नाही, पण २०२४ च्याच सप्टेंबरमध्ये त्याच कंपनीने ‘द क्रू २’ आणि ‘द क्रू मोटरफेस्ट’ या पुढच्या दोन्ही गेमना इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय देण्याचे जाहीर केले.